लेथचा हिरवा

वडगावातून पिरनवाडी किती लांब?
टेम्पोच्या दोन खेपा.
तिसरी कल्लाप्पानं वाचवली:
गादीच्या वळकटीत तवा, तव्यावर घड्याळ,
घड्याळाला माझी विटकी इरकल गुंडाळून.
घड्याळ पोचलं. थोडा वेळ वाटेत सांडला असणार,
तेव्हापासून ते दहा मिनिटं मागे चालतं
आणि आम्ही मनातल्या मनात दहा मिळवतो.

नवं घर, म्हणजे आम्हाला नवं.
दीड खोली, एक मोरी,
खिडकीला गज आहेत, झडप नाही.
मागाखाली पडायच्या त्या किनारी
निघताना मालकानं मूठभर दिल्या होत्या.
पट्टीला पट्टी जोडत चार रात्री बसले,
जांभळी, चिंतामणी, मध्येच एक शेंदरी,
तिचं कुणाशीच जमेना, तिला खाली घातली.
शेवटच्या पट्टीवर मोराची मान आहे,
मोर नाही.
ऋतिका म्हणते, बाहेर गेलाय, येईल.

कल्लाप्पा उद्यमबागेतून काही ना काही आणतो,
विचारून, गेटवर दाखवून.
मशिनच्या खोक्याच्या फळ्या.
वाकडे खिळे; ते पायरीवर ठोकून सरळ करतो,
एखादं बोटही ठोकून घेतो,
आणि शिवी देतो कानडीत,
पोरांना कळू नये म्हणून.
पोरांना आमच्यापेक्षा चांगलं कानडी येतं.

फळी बसली, जरा उतरती.
डबे हळूहळू डावीकडे चालत येतात,
सगळ्यात पुढे साखर.
"लेव्हल बघितलास काय?"
"फळी सरळच हाय की. घर उतरतंय."

मग रंग. कारखान्यात उरलेला,
तीन डब्यांच्या तळाचा, मशिनला मारतात तो.
थिनर घालून वाढवला,
पाहुणे आल्यावर आमटी वाढवतात तसा.
आता माझं स्वयंपाकघर लेथच्या हिरव्याचं आहे.
भाकरी थापताना वाटतं,
कुणीतरी बटण दाबेल आणि मी फिरायला लागेन.
शेजारची नीलव्वा दारातून डोकावली,
"छलो आगेद," म्हणाली,
आणि नाक पदरात धरून लगेच परत गेली.

रंगवत रंगवत दाराआड आलो
आणि ब्रश थांबला.
भिंतीवर पेन्सिल. बारीक, कानडीत, वरपासून खाली.
ऋतिका बोट ठेवून वाचू लागली:
हालु. अर्धा. अर्धा. अर्धा. एक.
अर्धा.
एक लिटर घेतलं त्या दिवशी काय होतं?
कुणी आलं होतं? खीर?
की मांजरानं सांडलं आणि पुन्हा घ्यावं लागलं?
खाली चार दिवस एकच शब्द: ब्याड. ब्याड. ब्याड. ब्याड.
नको म्हणजे काय, गावाला गेले होते,
की घरात होते आणि नको होतं?
त्यानंतर पुन्हा अर्धा,
पण अक्षर दुसऱ्या हाताचं.
नीलव्वाला विचारता आलं असतं.
मी विचारलं नाही.

"मारू काय ब्रश?" कल्लाप्पा म्हणाला.
मी डबा हलवून बघितला.
एक हात फिरेल इतका रंग होता.
"संपला," मी म्हणाले.
त्यानंही डब्यात डोकावलं,
माझ्याकडे बघितलं,
आणि ब्रश धुवायला मोरीत गेला.
रात्री उरलेल्या रंगात मी पाट रंगवला.
सकाळी घाईत त्यावर बसणारा पहिला तोच.
पँट अजून तशीच आहे, हिरव्या बुडाची,
कामावर घालायला चालते.

त्या रेघांखाली दोन बोटं जागा सोडून
आता आमचं दूध.
वार मराठीत मी लिहिते,
आकडे ऋतिका कानडीत घालते,
वळणदार, एका आकड्याला अर्धा मिनिट.

महिना भरला तसा इराप्पा गवळी आला.
त्याला बरोबर ठाऊक होतं कुठं बघायचं.
चप्पल काढली, दार पुढे ओढलं,
आणि वरपासून वाचायला लागला.
मी पैसे मुठीत धरून उभी होते.
आमच्या पहिल्या सोमवारापर्यंत यायला
त्याला बराच वेळ लागला.